अपाचे की एनजिनएक्स? आधी साइट कोणाच्या नावावर चालतात ते बघा

तालुक्याच्या गावी ब्रॉडबँडचा धंदा, बिलिंग पोर्टल आणि शंभरेक दुकानं-शाळांच्या साइट एकाच मशीनवर, तर साइट लोकांपर्यंत पोचवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे वेब सर्व्हर, म्हणून अपाचे घ्यावं की एनजिनएक्स, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही घ्या. पुढे एनजिनएक्स, मागे अपाचे, म्हणजे बाहेरून येणारी विनंती आधी एनजिनएक्स घेईल आणि मागच्या अपाचेला देईल. ग्राहकांच्या वर्डप्रेसमधली एचटीअ‍ॅक्सेस फाइल (त्या साइटपुरते सर्व्हरचे नियम) एनजिनएक्स वाचत नाही, म्हणजे नुसतं तेच ठेवलंत तर प्रत्येकाचे नियम हाताने लिहीत बसाल. आणि अपाचे प्रीफोर्कवर (दर कनेक्शनला वेगळी प्रोसेस देणारी पद्धत) एकटंच उघड्यावर ठेवलं, तर एकेका कनेक्शनमागे एकेक प्रोसेस अडकून पडते. २००९ च्या स्लोलॉरिस या हल्ल्याच्या टूलने नेमकं तेच केलं: विनंतीचे अर्धवट हेडर रेंगाळत पाठवायचे, साध्या लॅपटॉपवरून सर्व्हर आडवा.

पण घोळ तिथे होत नाही. आमच्याकडे सगळ्या साइट एकाच लिनक्स युजरवर चालायच्या. एका क्लासच्या साइटवरच्या जुनाट प्लगइनमधून कोणीतरी शिरलं आणि शेजारच्या अकरा साइटच्या कॉन्फिग फायली पासवर्डसकट वाचून गेलं. आम्हाला पत्ता कधी लागला, तर मेल क्यू (बाहेर जाणाऱ्या मेलची रांग) तुंबल्यावर! तेव्हापासून दर ग्राहकाला वेगळा युजर आणि वेगळा पीएचपी-एफपीएम पूल (साइटचा पीएचपी कोड चालवणाऱ्या प्रोसेसचा गट). सिमलिंकही (दुसऱ्या फाइलकडे नेणारा दुवा) मालक जुळला तरच चालते. बिलिंग पोर्टल मात्र या मशीनवर नकोच. ते वेगळं, आणि त्याचं अ‍ॅडमिन पान फक्त व्हीपीएनमधून.

अपडेट वेळच्या वेळी. ऑक्टोबर २०२१ मध्ये अपाचे २.४.४९ मधलं भगदाड बुजवायला २.४.५० आली, ती अपुरी पडली, तीन दिवसांत २.४.५१ काढावी लागली. (२.४.४८ वर रेंगाळलेले त्या वेळी सुटले, पण तो नशिबाचा भाग.)

लॉगचं आत्ताच बघा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे ते १८० दिवस ठेवायचे आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायची. एनजिनएक्स पुढे आलं की अपाचेच्या लॉगमध्ये सगळीकडे १२७.०.०.१, म्हणजे मशीनचा स्वतःचाच पत्ता दिसतो, म्हणून येणाऱ्याचा खरा आयपी नोंदवणारं रिमोट-आयपी मॉड्यूल चालू करा. शिवाय एनजिनएक्सच्या लॉगमध्ये साइटवर येणाऱ्याचा सोर्स पोर्टही (त्याच्या बाजूचा कनेक्शनचा क्रमांक) नोंदवा. सीजीनॅटमुळे, म्हणजे एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटण्याच्या पद्धतीमुळे, एका आयपीमागे पन्नास घरं असतात. पोलिसांनी आयपी आणि वेळ दिली, तरी पोर्ट नसेल तर त्यातलं घर कोणतं ते तुम्हालाच सांगता येणार नाही.