पहिल्यांदाच पायी निघताय? आधी पाय सांभाळा

माउली, पैठणहून नाथांच्या पालखीसोबत पंढरपूरला निघताय, लई चांगलं. पोटऱ्या दुखल्या तर रात्रीच्या झोपेनं सावरतात. टाचेला आलेला फोड मात्र दुसऱ्या दिवशी टेम्पोत बसवतो. मी पहिल्या वर्षी बसलो होतो, कोरे करकरीत बूट घालून.

फोड घासण्यानं येतो, आणि ओली कातडी जास्त घासते. म्हणून:

- पायात मुरलेलेच बूट घ्या. चालून पाय सुजतात, पुढं बोटभर जागा हवी. महिनाभर आधीपासून त्याच बुटात रोज चाला.
- सुती मोजे घामानं भिजले की भिजलेलेच राहतात. नायलॉन मिश्रणाचे तीन जोड ठेवा, दुपारच्या विसाव्याला पाय कोरडे करून बदला. ओला जोड पिशवीला बाहेरून लटकवा, चालता चालता वाळतो.

सगळ्यात महत्त्वाचं, कुठं चुरचुरलं की तिथंच थांबा. "पुढच्या गावात बघू" ही नवख्यांची हमखास चूक. मोजा काढा, खडा-माती झटका, कोरड्या जागेवर मेडिकलात मिळणारी कागदी चिकटपट्टी सुरकुती न पाडता लावा. दिंडी पुढं गेली तर जाऊ द्या, विसाव्याला सापडतेच.

फोड आलाच तर कुणीतरी सुईदोरा घेऊन येईल, दोरा ओवून आत ठेवायला. हात जोडून नको म्हणा. त्या दोऱ्यावाटे घाण आत जाते. शुगर असेल तर बारीक फोडही डॉक्टरलाच दाखवा.

लेस बांधायच्या तऱ्हा वगैरे नंतर बोलू. आज फक्त मोजे आणा.