दार लावून बसलीस म्हणून

मनू,

गावाहून परतताना विमानात तू विचारलंस, "काकीआजीला मी आवडले नाही, की माझं एकटं बसणंच आवडलं नाही?" मी झोपेचं सोंग घेतलं. तोंडी उत्तर द्यायला गेलो की माझं भाषण होतं असं तुझी आई म्हणते, म्हणून लिहितोय.

वाळलीस, काळवंडलीस, बाबाला पगार किती, हे सोडून दे. मलाही केस कुठे गेले म्हणून विचारलंच. पण दाराचं तुला लागलं. माळ्यावर पुस्तक घेऊन दार लोटलंस आणि एकीमागून एक सगळ्या डोकावून गेल्या, "बरं नाय काय गो तुला?" त्या घरात दिवसाढवळ्या दार लागतं ते कुणी आजारी असलं तर, नाहीतर कुणी रुसलं तर. तू रुसलीस असं समजून काकीआजी रात्री नीट जेवली नाही, हे मला माईआत्याने नंतर सांगितलं.

आम्ही लालबागला चाळीत राहायचो. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. आबा म्हणायचे, दोन महिन्यांत मिटेल. उन्हाळ्यापर्यंत वाण्याने उधारी बंद केली आणि आईने आम्हा भावंडांना एसटीत बसवून गुहागरकडच्या याच घरी आणलं. कशेडी घाटात मी ओकून ओकून अर्धमेला झालो होतो. काकी तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली. तिने एकदाही विचारलं नाही की ही पोरं किती दिवस राहणार. माजघरात आमची अंथरुणं पडली, शाळेत नाव घातलं, तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं सगळ्यांना सारखं. कित्येक गिरणी कामगारांची पोरं तेव्हा अशीच गावाकडच्या कुणाच्या तरी ताटात जेवली. म्हणून तू त्यांना 'नोझी' म्हणालीस तेव्हा मी जरा चढ्या आवाजात बोललो.

पण एक गोष्ट अलीकडे सारखी आठवते. काकी भर दुपारी कळशी घेऊन विहिरीवर जायची. घरात पाणी भरलेलं असायचं. मी मागे लागलो तर म्हणायची, "तू झोप हां," आणि बऱ्याच वेळाने यायची. मला वाटायचं, हिला विहीर फार आवडते. अख्ख्या घरात त्या बाईला पाठ टेकायला स्वतःचा कोपरा नव्हता, आणि त्यातच आम्ही येऊन पडलो. तिला कुणी विचारलं असतं तर तिने काय सांगितलं असतं, कोण जाणे. विचारायची पद्धत नव्हती. आजही मी विचारलं नाही.

आणि माझंही बघ. तुझ्या खोलीत येण्याआधी टकटक करायची सवय मला इथे लागली आणि ती मला आवडते. तिकडे संध्याकाळी 'नाक्यावर जाऊन येतो' म्हणून मी निघायचो ना, तेव्हा नाक्यावर माझं काही काम नसायचं.

पुढच्या मे महिन्यात जायचं ठरलंच, तर मनू दुपारी वाचत बसते, तिला बसू दे, असं मी काकीआजीला आधीच फोनवर सांगून ठेवीन. ती "हो हो" म्हणेल आणि फणसाचे गरे घेऊन वर येईलच, त्याला माझा इलाज नाही. यायचं नसेल तर तसं सांग, मी रागावणार नाही. आईला थोडं वाईट वाटेल. बरं, मलाही.

तिला फोन कर असं मी म्हणत नाहीये. नंबर तुझ्याकडे आहे, आणि आपल्या सकाळी तिच्याकडे संध्याकाळ असते, तेव्हा ती ओटीवर रिकामीच बसलेली असते.

बाबा