बाबिनियान, काकानाक, सासिरांगान: बंजार भाषेतला दुहेरी आरंभ

प्रश्न असा आला आहे: ‘बंजारी भाषेत शब्दाचं पहिलं अक्षर दोनदा म्हणून नवा शब्द तयार करतात, असं वाचलं. उदाहरण होतं बाबिनियान. ही आपल्या लमाण तांड्यांवरची बोली का? आणि मराठी व्याकरणाप्रमाणे अशा शब्दाला अंशाभ्यस्त म्हणायचं का?’

तांड्याशी हिचा काही संबंध नाही. लमाण-बंजारा समाजाची गोरबोली आर्यभाषांतली, राजस्थानीच्या नात्यातली. बाबिनियान हा शब्द ‘बंजार’ भाषेतला, आणि ती इंडोनेशियात, बोर्निओ बेटाच्या दक्षिण भागात बोलतात. बारितो आणि मार्तापुरा या नद्यांकाठचं बंजारमासिन हे तिचं मुख्य शहर. २०१०च्या इंडोनेशियन जनगणनेत बंजार लोक सुमारे ४१ लाख होते. त्यांच्यातले काही पूर्वीच सुमात्रात आणि मलेशियात जाऊन स्थायिक झाले आहेत. भाषा मलयच्या, म्हणजे मलेशियातल्या मुख्य भाषेच्या, अगदी जवळची. नावातलं साम्य तेवढं योगायोगाचं.

आता शब्दाकडे वळू. ‘बिनी’ म्हणजे बायको. तिच्या आधी बा आणि शेवटी आन लावला की ‘बाबिनियान’, म्हणजे स्त्री. ‘बिबिनियान’ असंही म्हणतात. तसंच ‘लाकी’ म्हणजे नवरा आणि ‘लालाकियान’ म्हणजे पुरुष. नात्याच्या शब्दातून अख्खी जात दाखवणारा शब्द निघाला. (आपल्याकडे ‘बायको’चं अनेकवचन ‘बायका’ केलं की हीच उडी मारली जाते, फक्त पुनरुक्तीशिवाय.) ‘काम्बांग’ म्हणजे फूल आणि ‘काकाम्बांगान’ म्हणजे नाना तऱ्हेची फुलं. ‘तुहा’ म्हणजे म्हातारा, आणि ‘तातुहा’ म्हणजे गावातली वडीलधारी, मान असलेली माणसं. एकाच युक्तीतून कुठे समूह, कुठे प्रकार, कुठे प्रतिष्ठा असे निरनिराळे अर्थ निघतात. त्यामुळे ‘पुनरुक्ती म्हणजे अनेकवचन’ हे सोपं समीकरण इथे पुरत नाही.

शेजारच्या मलयशी ताडून पाहिलं की गंमत कळते. मलयमध्ये लहान मूल म्हणजे ‘कानाक-कानाक’, अख्खा शब्द दोनदा. बंजारमध्ये ‘काकानाक’. मलयमध्ये पुरुष म्हणजे ‘लाकी-लाकी’, आणि त्याचाच आखडलेला ‘लेलाकी’. यातला ‘ले’ आपण लिहितो तसा ठसठशीत नसतो, जेमतेम ऐकू येणारा दुबळा स्वर असतो. बंजारमध्ये हा दुबळा स्वरच नाही. मलयमध्ये तो येतो तिथे बंजारमध्ये सहसा स्वच्छ ‘आ’ येतो. मलय ‘बेसार’ (मोठा) इकडे ‘बासार’, ‘बेरास’ (तांदूळ) इकडे ‘बारास’, ‘एम्पात’ (चार) इकडे ‘आम्पात’. म्हणून मलय ‘तेतुआ’ इकडे ‘तातुहा’ होतो. मूळ शब्दात ‘उ’ असताना पुढे ‘आ’ कुठून आला, याचं उत्तर हे. ‘बिबिनियान’मध्ये मात्र मुळातला ‘इ’ टिकून आहे. दोन्ही उच्चार चालतात.

अंशाभ्यस्ताबद्दल माझं मत थोडं कडक आहे. शाळेत आपण पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि अनुकरणवाचक अशा तीन पेट्या शिकतो. त्यांतल्या दुसऱ्या पेटीत शेजारीपाजारी, उरलासुरला, दगडबिगड असे शब्द टाकलेले असतात. या शब्दांत सुरुवातीचा ध्वनी बदलतो आणि उरलेलं अंग पुन्हा येतं. बंजारमध्ये नेमकं उलटं: सुरुवात तेवढी पुन्हा येते, अंग एकदाच. दोघांना एकच नाव दिलं तर काहीच सांगितल्यासारखं होत नाही.

खरा जोड संस्कृतात सापडतो. पाणिनीने द्विरुक्तीचे दोन भाग वेगळे ठेवले आहेत. सबंध पद दुसऱ्यांदा येतं तेव्हा त्या दुसऱ्या पदाला आम्रेडित म्हणायचं, ही चर्चा आठव्या अध्यायात. धातूची सुरुवात दोनदा येते तेव्हा त्यातल्या पहिल्या तुकड्याला अभ्यास म्हणायचं, ते सहाव्यात: ‘पूर्वोऽभ्यासः’. त्या अभ्यासाचं पुढे काय होतं याचेही नियम आहेत. ‘हलादिः शेषः’ म्हणजे सुरुवातीचं व्यंजन तेवढं ठेवायचं. म्हणून ‘श्रु’पासून शुश्रूषा होते, श्रुश्रूषा होत नाही. ‘भू’पासून बभूव होताना तर अभ्यासातल्या ऊचा थेट अ होतो, ‘तुहा’च्या ‘तातुहा’सारखा. भाषाकुळं वेगळी, उसनवारीही नाही, तरी घडण इतकी जवळची. आणि असे शब्द मराठीत आपण रोज वापरतो: जिज्ञासा, पिपासा, चिकित्सा, मीमांसा, चंचल, जंगम. आपल्याला त्यातली पुनरुक्ती आता ऐकूही येत नाही, कारण मराठीत ही टाकसाळ बंद आहे. तयार नाणी तेवढी चालतात.

नाव हवंच असेल तर जावा-इंडोनेशियाच्या व्याकरणात ते तयार आहे, आणि तेही संस्कृत वळणाचं. अख्खा शब्द दोनदा आला की ‘द्विलिंग’ (तिकडे लिंग म्हणजे मूळ शब्द), सुरुवात दोनदा आली की ‘द्विपूर्व’, शेवट दोनदा आला की ‘द्विअवसान’. त्यांचे उच्चार अर्थात द्विलिंगा, द्विपूर्वा, द्विवासाना असे होतात. मराठीत बाबिनियानला मी ‘द्विपूर्व’ म्हणेन. अंशाभ्यस्तापेक्षा नेमकं आहे.

एक आडवळण सांगायचा मोह होतो. १९७२च्या शुद्धलेखन सुधारणेपर्यंत इंडोनेशियन लोक ‘लाकी-लाकी’ लिहिताना एकदाच ‘लाकी’ लिहून पुढे २चा आकडा टाकत. मोबाइलवर आजही टाकतात. एकोणिसाव्या शतकातली मराठी छापील पुस्तकं चाळलीत तर ‘जेव्हां २, तेव्हां २’ दिसेल. काटकसर तीच. पण ‘काकानाक’ला हा आकडा लावताच येत नाही, अर्धी पुनरुक्ती अक्षरांनीच लिहावी लागते.

शेवटी एक सावधगिरी, कारण बंजार शब्दांच्या सुरुवातीला दिसणारं प्रत्येक दुहेरी अक्षर द्विरुक्तीचं नसतं. ‘बा-’ हा तिथे उपसर्गही आहे, ‘असलेला’ या अर्थाचा. त्यामुळे ‘बाबिनी’ म्हणजे बायको असलेला, लग्न झालेला पुरुष. उलट शेवटी ‘आन’ असलेल्या ‘बाबिनियान’मधला ‘बा’ द्विरुक्तीचा, आणि अर्थ स्त्री. ‘सासिरांगान’ या प्रसिद्ध बंजार कापडाच्या नावावरही म्हणूनच दोन मतं आहेत. ‘सिरांग’ म्हणजे हाताने धावदोरा घालणं. तो दोरा ओढून कापडाला चुण्या पाडतात, घट्ट बांधतात आणि मग रंगवतात, की टाक्यांच्या जागा कोऱ्या राहून नक्षी उमटते. पूर्वी हे कापड आजार बरा व्हावा म्हणून मागणीप्रमाणे करून देत. काहीजण या नावातला ‘सा’ म्हणजे ‘एक’ असा फोडतात. मला ते पटत नाही. मागे ‘आन’ आहे आणि पुढे मुळातलंच व्यंजन ‘आ’सह आलं आहे, म्हणजे साचा काकाम्बांगानचाच दिसतो. ‘सिरांग’ची सुरुवात ‘स’ने आहे, म्हणून ‘एक’वाल्यांना वाव मिळाला, इतकंच.