माफ करता येत नाही म्हणजे आपण बरे झालोच नाही का?

दंगल, बॉम्बस्फोट असल्या प्रकारातून वाचलेली माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात, तेव्हा एक गोष्ट हमखास विचारतात, की इतकी वर्षं झाली तरी मला माफ करता येत नाही, देवापुढे हात जोडवत नाहीत, माझ्यातच काही खोट आहे का? एका काकांचं सांगते, त्यांना विचारूनच, फक्त ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

11 जुलै 2006, मंगळवार. काका सिद्धिविनायकाचं दर्शन घेऊन दादरला लोकलमध्ये चढले, फर्स्ट क्लास, बॅगेत पेढ्यांचा बॉक्स. त्या संध्याकाळी वेस्टर्न लाइनवर 11 मिनिटांत 7 गाड्यांत स्फोट झाले, माटुंगा रोडपासून पार मीरा रोडपर्यंत, सगळे फर्स्ट क्लासच्याच डब्यांत, 180 च्या वर माणसं गेली. काका वाचले, डावा कान गेला. दुसऱ्या दिवशी गाड्या सुरू आणि सगळीकडे मुंबईच्या स्पिरिटचं कौतुक (मला त्या शब्दाचा मनापासून राग येतो, लोकांना पोटासाठी जावंच लागतं हो). काकांनी मंगळवार सोडला. देवाला जाऊन आलो आणि त्याच दिवशी हे, मग कशाला जायचं, एवढंच म्हणायचे.

2015 ला मकोका (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) कोर्टाने 12 जणांना दोषी ठरवलं, 5 जणांना फाशी, 7 जणांना जन्मठेप. तेव्हा सत्संगातल्या कुणीतरी सांगितलं की माफ करा, हलकं वाटेल, म्हणून यांनी मनातल्या मनात केलं. घरचे खूश. झोप मात्र तशीच, रात्री दोनला उठून बसायचं. मग 21 जुलै 2025 ला हायकोर्टाने त्या सगळ्यांना निर्दोष ठरवलं, पुरावे टिकले नाहीत म्हणून, त्यातला एकजण तर 2021 मध्येच कैदेत असताना वारला होता. पुढे सुप्रीम कोर्टाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नका म्हटलं पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. त्यानंतर काका माझ्याकडे आले, खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, इतकी वर्षं ज्यांना माफ करत होतो ते ते नव्हतेच म्हणे, मग माझी माफी गेली कुणाकडे? उलट मीच त्यांची मागायला पाहिजे का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी ते दिलंही नाही. म्हटलं, माफीची फाइल पेंडिंग ठेवा, तुम्ही बँकेत होतात, तुम्हाला जमेल. आधी झोप, मग गाडीत बसणं, भरदुपारी, एकच स्टेशन, मुलगा बरोबर. बरं व्हायला माफ करावंच लागतं असं काही नाही, काहींना करावंसं वाटतं, काहींना कधीच नाही, आणि दोन्ही प्रकारची माणसं नीट जगताना मी बघते.

नंतर एकदा रिकामी खुर्ची समोर ठेवली, म्हटलं ज्याच्यावर राग आहे त्याला बसवा आणि बोला. मला वाटलं स्फोट करणाऱ्याला बसवतील, तर यांनी बसवलं गणपतीला! आणि काय झापलाय त्याला, अरेतुरे करून, पेढ्यांचा हिशोबसुद्धा मागितला. मी गप्प. जनाबाईने विठोबाला काय काय ऐकवलंय ते आठवा, आपल्याकडे याला कुणी पाप म्हणत नाही.

आणखी एक. काका ती गोष्ट कायम स्फोटापाशी थांबवायचे, म्हणून मी विचारलं, पुढे काय झालं, तुम्हाला बाहेर कुणी काढलं? तर रुळांलगतच्या वस्तीतली पोरं घरातल्या चादरी घेऊन धावत आलेली, स्ट्रेचर कुठे होते तेव्हा. यांना निळ्या चादरीत घातलं, मोठी पांढरी फुलं होती म्हणे तिच्यावर, आणि एकजण सारखा ओरडत होता, "चाचा, आंखें खुली रखो." हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं, कारण सगळे स्फोटाचंच विचारायचे.

श्रद्धा परत आली का? ते मी नाही ठरवणार. काका आता मंगळवार सोडून कधीही जातात, लांबूनच मुखदर्शन घेतात आणि निघतात. माफीची फाइल अजून पेंडिंगच आहे.

घरी असं कुणी असेल तर "झालं गेलं विसर, माफ करून टाक" एवढं फक्त म्हणू नका. झोप उडाली असेल, दचकणं थांबत नसेल, जगणं नकोसं वाटतंय असं बोलणं येत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फ्री आहे, मराठीत बोलतात.