जर्सी बदलल्यामुळे मिशिगन जिंकू लागले का?

आपला प्रश्न असा आहे : अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या (अमेरिकन) फुटबॉल संघाने २०१६ मध्ये आदिदास सोडून नायकीशी करार केला आणि पुढे २०२३ च्या हंगामाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तेव्हा कपड्यांचा प्रायोजक चांगला असला की चांगले खेळाडू येतात आणि संघ जिंकू लागतो, असे मानावे का? मी २००५ पासून विद्यापीठाच्या ॲन आर्बर या गावाजवळ राहतो आणि या संघाचे फार थोडे सामने माझ्या नजरेतून सुटले आहेत. माझे उत्तर 'नाही' असे आहे. मात्र गेल्या काही वर्षांत हे उत्तर पूर्वीइतके सरळ राहिलेले नाही, हेही सांगितले पाहिजे.

आदिदासची वर्षे म्हणजे २००८ ते २०१५ चे हंगाम. २००८ मध्ये संघाने ३ सामने जिंकले आणि ९ गमावले. १९६७ नंतर प्रथमच मिशिगनचे हंगामातले पराभव विजयांपेक्षा जास्त झाले. त्यामुळे अनेक चाहत्यांच्या मनात आदिदासचे ते तीन पट्टे आणि पराभव यांची गाठ पक्की बसली. परंतु या संघाचा सर्वांत जिव्हारी लागलेला पराभव, १ सप्टेंबर २००७ रोजी ॲपलाचियन स्टेट या खालच्या गटातल्या विद्यापीठाकडून घरच्याच मैदानावर ३४-३२ असा झालेला, आदिदासच्या आधीच्या, म्हणजे नायकीच्याच जर्सीत झाला होता. २००८ च्या घसरणीची कारणे कापडात नव्हती. प्रशिक्षक लॉइड कार निवृत्त झाले, चॅड हेनी, माइक हार्ट आणि जेक लाँग हे प्रमुख खेळाडू एकाच वेळी बाहेर पडले, रायन मॅलेट आर्कान्सा विद्यापीठात निघून गेला आणि नवे प्रशिक्षक रिच रॉड्रिगेझ यांची मोकळी, वेगवान आक्रमणपद्धती ज्यांच्यावर लादली गेली, ते खेळाडू अगदी वेगळ्या खेळासाठी निवडलेले होते.

माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा २०१५ चा आहे. २०१४ मध्ये प्रशिक्षक ब्रॅडी होक यांच्या हाताखाली ५-७ (५ विजय, ७ पराभव) अशी कामगिरी करणारा संघ, नवे प्रशिक्षक जिम हारबॉ आल्यानंतर पुढच्याच वर्षी १०-३ झाला. जर्सी आदिदासचीच होती आणि बहुतेक खेळाडू होक यांनीच भरती केलेले होते. मोठी भर म्हणावी तर आयोवा विद्यापीठातून आलेला क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा खेळाडू) जेक रुडॉक. त्यानंतर नायकीच्या पहिल्या वर्षात, २०१६ मध्ये, संघाची कामगिरी पुन्हा १०-३ अशीच राहिली. कपडे बदलले, आकडा बदलला नाही. त्याच जर्सीत २०२० मध्ये संघ २-४ पर्यंत घसरला, तेव्हाही कोणी कापडाला दोष दिला नाही.

नव्या जर्सीचा आनंद खोटा होता, असे मला मुळीच म्हणायचे नाही. ३१ जुलै २०१६ च्या मध्यरात्री विक्री सुरू होणार म्हणून गावातल्या दुकानासमोर लागलेल्या रांगेत मीही उभा होतो. छातीवर बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनची उडी मारणारी आकृती, म्हणजे नायकीच्याच जॉर्डन ब्रँडचे चिन्ह, होती, जी तोपर्यंत कोणत्याही महाविद्यालयीन फुटबॉल संघाच्या जर्सीवर आलेली नव्हती, आणि संघाचा पिवळा रंग पुन्हा मक्याच्या दाण्याच्या छटेवर आला होता. माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी शिवणीवरून हळूच बोट फिरवून पाहिले आणि काही न बोलता दोन जर्सी घेतल्या. पर्यायी वर्षे धरून १५ वर्षांच्या आणि सुमारे १७ कोटी डॉलरच्या त्या करारातून विद्यापीठाच्या सगळ्या खेळांच्या संघांना साहित्य मिळते, हा त्याचा खरा लाभ आहे.

शाळकरी खेळाडूंना विद्यापीठाच्या संघात आणण्याच्या भरतीवर बुटांच्या कंपन्यांची पकड बास्केटबॉलमध्ये निश्चित आहे, कारण तेथे होतकरू मुले उन्हाळ्यात याच कंपन्यांनी पोसलेल्या संघांतून खेळतात. फुटबॉलमधला मुलगा मात्र आपल्या शाळेच्या संघातून पुढे येतो आणि निर्णय घेताना प्रशिक्षक, खेळायला मिळण्याची शक्यता, घरापासूनचे अंतर आणि व्यावसायिक लीगपर्यंतचा मार्ग यांचा विचार करतो. विजेत्या संघातला माइक सेनरिस्टिल तीन स्टारांचा (पाचपैकी तीन, म्हणजे मध्यम दर्जाचा मानलेला) रिसीव्हर, म्हणजे आक्रमणात चेंडू झेलणारा खेळाडू, म्हणून आला होता. प्रशिक्षकांनी त्याला बचावात आणले आणि वॉशिंग्टनविरुद्ध ३४-१३ ने जिंकलेल्या अंतिम सामन्यात, शेवटची काही मिनिटे उरली असताना, त्याने चेंडू मध्येच पकडून ८१ यार्ड परत नेला. भरतीच्या क्रमवारीत आमचा प्रतिस्पर्धी ओहायो स्टेट त्यांपैकी बहुतेक वर्षांत आमच्या पुढे होता, तरी २०२१ पासून सलग चारदा आम्ही त्यांना हरवले. खेळाडू हेरणे आणि घडवणे ही दोन्ही कामे भरतीतच मोडतात, हे क्रमवारीच्या तक्त्यात दिसत नाही.

केवळ मोठ्या करारावर विसंबून राहिल्यास काय होते, हे लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाने अनुभवले. मे २०१६ मध्ये अंडर आर्मर या क्रीडासाहित्य कंपनीशी १५ वर्षांचा, २८ कोटी डॉलरचा विक्रमी करार झाला आणि त्याच वर्षी संघ ४-८ झाला. २०२० मध्ये कंपनीने करारातून अंग काढून घेतले. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२२ मध्ये सुमारे पावणेसात कोटी डॉलरवर मिटले.

आता बदललेल्या भागाविषयी. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे मिळवता येतात आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठेही ठरलेल्या मर्यादेपर्यंत, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, खेळाडूंना थेट वाटू शकतात. ॲन आर्बरच्या शेजारच्या बेलव्हिलचा ब्राइस अंडरवुड, त्याच्या वर्षातला देशातला अव्वल क्वार्टरबॅक, एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) दिलेला शब्द फिरवून नोव्हेंबर २०२४ मध्ये मिशिगनकडे वळला, त्यामागे अशा पैशाचा मोठा हात होता. टेनेसी विद्यापीठाने २०२६ पासून नायकी सोडून आदिदासकडे जायचे ठरवले, त्या करारातही खेळाडूंना वैयक्तिकरीत्या मिळणाऱ्या रकमांना ठळक स्थान आहे. म्हणून यापुढे कोणत्याही संघाचा प्रायोजन करार वाचताना विद्यापीठाला किती मिळणार याआधी खेळाडूच्या हाती किती पडणार हे पाहावे, आणि त्याच्याच शेजारी आक्रमणाच्या पहिल्या फळीतले पाच जण किती वर्षे एकत्र खेळले आहेत हेही तपासावे; मी स्वतः हंगामाचा अंदाज बांधताना आजही दुसऱ्या गोष्टीला अधिक वजन देतो.