न्यूरॉलॉजीची रेसिडेन्सी करताना संशोधनाची सुरुवात

न्यूरॉलॉजीच्या रेसिडेन्सीच्या (रुग्णालयात काम करत घ्यायच्या विशेषज्ञ प्रशिक्षणाच्या) पहिल्याच वर्षात तुम्हाला संशोधनाची ओढ वाटते आहे, ही फार चांगली गोष्ट आहे. मात्र प्रयोगशाळेचे नाव किंवा यंत्रसामग्री पाहून निर्णय घेऊ नका. मार्गदर्शक पाहून घ्या. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना भेटा आणि त्यांना मार्गदर्शकांचा नियमित वेळ मिळत होता का, हे स्पष्ट विचारा.

प्रश्न वॉर्डातूनच निवडा आणि तो इतका लहान ठेवा, की रेसिडेन्सीच्या उरलेल्या काळात त्याचे उत्तर मिळू शकेल. आधी माहिती गोळा करून मग संख्याशास्त्रज्ञाकडे जाणे, ही नवोदितांची सर्वांत महागात पडणारी चूक मी वारंवार पाहिली आहे. मुख्य निष्पत्ती (म्हणजे अभ्यासात मोजायचा मुख्य परिणाम) कोणती आणि ती केव्हा मोजायची, हे आरंभीच ठरले पाहिजे. १९९५ साली प्रसिद्ध झालेली, पक्षाघातावरील टीपीएची (रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची) चाचणी यासाठी अवश्य वाचा: तिच्या पहिल्या भागात २४ तासांनंतर मोजलेल्या ठरावीक सुधारणेत औषध दिलेल्या आणि न दिलेल्या गटांत लक्षणीय फरक आढळला नाही, परंतु तीन महिन्यांनंतरच्या निष्पत्तीत औषधाचा लाभ स्पष्ट दिसला.

आणखी काही चुका टाळा:
- एकाच वेळी तीन-चार प्रकल्प हाती घेणे.
- नैतिकता समितीच्या मंजुरीआधी रुग्णांची माहिती नोंदवणे.
- संशोधनासाठीच्या राखीव वेळेचे आश्वासन केवळ तोंडी घेणे. ते वेळापत्रकात लेखी असावे.

जनुकीय विश्लेषण आणि मोठ्या अनुदानांचे अर्ज तूर्त बाजूला ठेवा. या महिन्यात दोन पानांचा आराखडा लिहून मार्गदर्शकांना दाखवा.