बिथरलेल्या तरुणांवरची काळोखी मराठी कादंबरी कुठून सुरू करावी?
'कोसला'पासून. नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ ची. सांगवीहून पुण्यात शिकायला आलेला पांडुरंग आतून हळूहळू रिकामा होत जातो. बराच वेळ हसू येतं, आणि मग धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते तिथे पुस्तक मिटून ठेवावं लागतं. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणलेली प्रत मी घोडबंदरच्या बसमध्ये वाचत होतो, त्या पानांवर माझा स्टॉप मागे गेला.

नंतर भाऊ पाध्यांचं 'वासूनाका', १९६५. मुंबईतली नाक्यावरची पोरं, शिवराळ बोली; अत्र्यांनी कडाडून टीका केली होती. पाध्ये या पोरांना शहाणपण शिकवत नाहीत, म्हणून मला ते फार जवळचे वाटतात. मन आधीच खचलेलं असेल तर मात्र 'कोसला' सध्या थांबू द्या.